मुळाशी पांढरा ठिपका

जुलैचा शेवटचा आठवडा. गडहिंग्लजला पावसाची झड लागली होती, माझ्या पार्लरमध्ये कुणी नव्हतं. सकाळी नऊला दारात रिक्षा थांबली आणि आईच्या व आज्जीच्या खांद्यावर हात टाकून बारावीतली एक मुलगी आत आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडीवरून पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन सळई घातली होती. त्यानंतर सात आठवडे ती पाठीवर पडून होती.

आईनं तिच्या डोक्याचा टॉवेल सोडला. केस कमरेपर्यंत, पण मानेच्या वर पालथ्या वाटीएवढा गोळा. घोंगडीसारखा घट्ट, आणि हळदीनं पिवळा.

"भंडारा कुणी लावला?"

"म्या लावला," आज्जी म्हणाल्या. "यल्लाम्माची जट हाय ती. कात्री लावायची न्हाई."

आईला दोन ठिकाणी सांगितलं होतं की कापूनच टाकावं लागेल. मुलगी मान खाली घालून बसली होती. केस कापले जातील याची तिला भीती होती, आणि जट राहील याचीही.

माझ्या आत्याला जट होती. लहानपणी मी ती पाहत आले: पाठीवर लोंबणारी, ओली झाली की दोन दिवस न वाळणारी, वास मारणारी. तिच्या ओझ्यानं आत्याची मान कायम एका बाजूला कललेली असायची. या सीमाभागात मुलीच्या डोक्यात जट आली की देवीचं बोलावणं समजायचे आणि तिला सौंदत्तीला, यल्लाम्माच्या देवळात, नेऊन देवदासी म्हणून सोडायचे. कर्नाटकानं ही प्रथा 1982 साली कायद्यानं बंद केली, महाराष्ट्रातला कायदा 2005 चा. कायद्यानं बऱ्याच मुली वाचल्या, पण जटेची भीती घराघरांत उरलीच. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अजूनही बायकांना समजावून त्यांच्या जटा उतरवतात. पण तशा वर्षानुवर्षांच्या जटा कापाव्याच लागतात. ही सात आठवड्यांची होती. सुटेल असं मला वाटलं.

"आज्जी, कात्रीला हात लावत नाही. कंगवा तर लावू द्या."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कंगव्यानं सुटली तर ती जट न्हवं."

मुलीला फेशियलच्या बेडवर कुशीवर झोपवलं, दोन्ही पायांच्या मधे उशी दिली. आधी टाळू तपासली. जखम नव्हती, उवा होत्या, पण थोड्या. घरी काय केलं होतं ते आईनं सांगितलं. गोळा दिसल्यावर गरम पाण्यानं शांपू लावून खसाखसा चोळलं होतं. तिथंच तो आवळला. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, चोळल्यावर ते एकमेकांत अडकतात. आणि ओला केस ताणतो, लवकर तुटतो. म्हणून मी पाणी लावलंच नाही. कोमट खोबरेल तेल गोळ्यात जिरू दिलं, वर भरपूर कंडिशनर, आणि अर्धा तास थांबले.

मग शेपटीच्या कंगव्याचं टोक घेऊन कडेपासून सुरुवात केली. एका वेळी चार-पाच केस. गोळा आणि टाळू यांच्या मधले केस डाव्या हाताच्या मुठीत धरायचे, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. नेहमी खालून वर जायचं. वरून कंगवा घातला की सगळा गुंता खाली एका जागी साचतो. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते.

पहिल्या तासात बोटाच्या पेराएवढंच सुटलं.

दुपारच्या सुमाराला गुंतवळ निघायला लागली. मी त्यातला एक लांब केस काढून आज्जींच्या तळहातावर ठेवला.

"मुळाशी पांढरा ठिपका दिसतोय?"

त्यांनी चष्मा पुसून पाहिला. "हाय."

"हा तुटलेला नाही, आपणहून गळालेला आहे. तुमचे-माझेही रोज पन्नास ते शंभर केस असे गळतात, कंगव्यातून निघून जातात. हिच्या डोक्यात सात आठवडे कंगवा फिरला नाही. अडीच ते पाच हजार केस गळाले आणि आतच राहिले. त्यांनी बाकीच्यांना बांधून टाकलं."

आज्जींनी आणखी एक केस उचलला. मग आणखी एक. प्रत्येकाचं मूळ उजेडाकडे धरून त्या पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत.

केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तिच्या कमरेजवळचं टोक टाळूतून बाहेर आलं तेव्हा ती सहावी-सातवीत असणार. त्या टोकाला पुन्हा जीव येत नाही. ते फक्त जपता येतं. लांब केस म्हटलं की सगळे वाढवायचं तेल मागतात. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि त्याची झीज कमी करतं, एवढं खरं. मूळ पोसतं ते अन्नानं. माझ्या अनुभवात लांबी टिकते ती कंगव्याच्या हळुवारपणावर.

तिला मधे चार वेळा उठवून चालवलं. शेवटचा गुंता सुटला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. माझी बोटं आखडली होती. मागच्या बाजूचे केस थोडे विरळ झाले, काही तुटलेही, पण लांबी राहिली. मुलीनं हात मागं नेला आणि मानेपासून कमरेपर्यंत बोटं फिरवली, दोनदा.

मी आईला दोन गोष्टी सांगितल्या. झोपताना सैल वेणी, आणि उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा. आणि आज्जींना मुद्दाम समोर बसवून तिसरी: "गणपतीच्या आसपास हिचे केस मूठमूठ गळतील. एवढा मोठा अपघात झाला, की बरेचसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ते परत येतात. त्या वेळी देवी कोपली असं म्हणू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या."

आज्जींनी सगळी गुंतवळ पदरात गोळा केली. पूर्वी हीच गुंतवळ भिंतीच्या भोकात साठवून सुया-पिनांच्या बदल्यात द्यायचे. त्या म्हणाल्या, "एवढी तर यल्लाम्माला वाहते." मी वर्तमानपत्राचा कागद दिला.

सप्टेंबरात त्यांचाच फोन आला. "तू बोलली हुतीस तसंच चालू झालंय गं." आवाजात काळजी होती, पण त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच बोलत होत्या. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

शिमग्याला मुलगी आपल्या पायांनी चालत आली. कपाळाच्या कडेनं बोटभर नवे केस उभे होते, वेणीत न मावणारे. आज्जी तळहातावर थेंबभर तेल घेऊन ते पुन्हा पुन्हा बसवत होत्या, आणि ते पुन्हा उभे राहत होते.