काढलं तरी परत येणारं ॲडवेअर: माझा अनुभव

घरच्या संगणकावर एकाएकी जाहिराती उगवायला लागल्या की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो: फॉर्मॅट मारा. मलाही तोच मिळाला. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातल्या मुलाने स्क्रीनकडे जेमतेम नजर टाकली आणि म्हणाला, "भाभीजी, विंडोज नई डालनी पड़ेगी, कल ले जाना." मी घरूनच मराठी-हिंदी टायपिंग आणि मांडणीची कामं घेते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, जुन्या फॉण्टमधल्या फायली, सगळं त्या एका संगणकावर. फायलींची प्रत माझ्याकडे होती, पण फॉण्ट, प्रिंटर, मांडणीचं सॉफ्टवेअर हे सगळं नव्याने बसवायचं म्हणजे ऐन लग्नसराईत काम ठप्प. संगणक तसाच उचलून रामबागेत घरी आणला आणि ते ॲडवेअर, म्हणजे नकळत बसून जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर, स्वतःच काढायचं ठरवलं. निघालं, पण सहजासहजी नाही. डोळ्यांना दिसतं तेवढं काढून भागत नाही. त्याला परत आणणारं कोण आहे ते शोधावं लागतं, हे मला त्यातून पक्कं कळलं.

आलं कुठून ते आधी सांगते. माझा भाचा सीपीसीटीच्या तयारीसाठी खरगोनहून आमच्याकडे राहायला आलाय. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीत संगणकाचं काम असेल तर ही परीक्षा लागते आणि तिच्यात हिंदी टायपिंग असतं. त्याला सरावासाठी टायपिंग ट्यूटर हवा होता. शोधल्यावर जी साइट वर आली तिच्यावर हिरवी 'डाउनलोड' बटणं तीन, त्यातलं खरं एकच, तेही सगळ्यात लहान. इन्स्टॉलरने ट्यूटर तर बसवलाच, सोबत इतरही चार गोष्टी बसवल्या. मी पोराला मुळीच दोष देत नाही. हा धंदाच तसा बांधलेला आहे: फुकट सॉफ्टवेअरसोबत दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि बसेल त्या प्रत्येक संगणकामागे पैसे घ्यायचे. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली या धंद्याचा अभ्यास केला. तेव्हा गूगल अशा नकोशा सॉफ्टवेअरबद्दल दर आठवड्याला ६ कोटींहून जास्त इशारे दाखवत होतं; व्हायरसबद्दलच्या इशाऱ्यांच्या तिप्पट.

सगळ्यात जास्त घाबरवत होत्या त्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या. 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस', 'सबस्क्रिप्शन संपलं', वर एका नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह. एकदा तर पूर्ण स्क्रीन लाल, सायरन चालू, मध्ये फोन नंबर. समोर सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी नंबर लिहूनही घेतला होता. मी कागद काढून घेतला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. असा पडदा आला तर एस्केप दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. आणि कुणी फोन करून बसलंच, पैसे गेले, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवायचं.

कोपऱ्यातल्या पट्ट्या मात्र सगळ्यात आधी आणि सगळ्यात सोप्या निघाल्या. तो व्हायरस नसतोच. कुठल्याशा साइटने 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाव दाबा' म्हटलेलं असतं आणि त्या अलावने तिला सूचना पाठवायची परवानगी मिळालेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइट्सची यादी दिसली. त्यात माझ्या बँकेखेरीज ओळखीचं एकही नाव नव्हतं. बाकी सगळी काढली. वर 'साइट्सनी सूचनांसाठी विचारूच नये' हा पर्याय आहे, तो लावला. कोपरा शांत झाला.

मग सेटिंग्जमधली ॲप्सची यादी उघडली आणि तारखेप्रमाणे लावली. ही युक्ती फार कामाची आहे. नावावरून काही कळत नाही, नावं सगळी सभ्यच असतात, पण ट्यूटर ज्या दिवशी बसला त्याच तारखेला एक पीडीएफवालं, एक ड्रायव्हर अपडेट करणारं आणि एक 'सर्च' नावाचं काहीतरी बसलेलं दिसलं. काढायला गेले तर पीडीएफवाल्याची खिडकी अशी: मोठं निळं बटण 'ठेवा आणि सुरक्षित राहा' अशा अर्थाचं, आणि त्याच्या खाली, करड्या पार्श्वभूमीवर करड्याच अक्षरात, एक बारीक ओळ, 'तरीही काढा'. ती ओळ बटणासारखी दिसतच नव्हती. ती दाबल्यावर पुन्हा तोच प्रश्न, या वेळी बटणांच्या जागा उलट केलेल्या. हे करणाऱ्यांचा मला मनापासून राग आला. माझ्या सासऱ्यांसारखा, चष्मा सावरत हळूहळू वाचणारा माणूस इथे हमखास निळं बटण दाबणार, आणि ते ठरवूनच केलेलं आहे.

आता शोध. गूगलवर काही शोधलं की पान क्षणभर भलत्याच पत्त्यावर जायचं आणि मग दुसऱ्याच सर्च इंजिनावर उतरायचं. क्रोमच्या एक्स्टेन्शन्सच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्राम्सच्या, पानावर न मागितलेलं एक एक्स्टेन्शन होतं, पण त्याच्याखाली 'रिमूव्ह' बटणच नाही. ॲडमिनिस्ट्रेटरने बसवलंय म्हणे. तीन ठिपक्यांच्या मेनूत सगळ्यात खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' अशी ओळ. माझ्या घरात कुठली आलीय ऑर्गनायझेशन? कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर नियम लावता यावेत म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची सोय आहे. ॲडवेअर तीच सोय वापरतं. ॲड्रेस पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप केलं की लागू असलेले नियम दिसतात. तिथे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' आणि समोर ए ते पी एवढ्याच अक्षरांतली ३२ अक्षरांची एक लांबलचक ओळ. प्रत्येक एक्स्टेन्शनची ओळख अशीच ३२ अक्षरांची असते. एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड लावला की तीच ओळ त्या एक्स्टेन्शनखाली दिसते, म्हणून दोन्ही ताडून बघता आल्या.

हा नियम रजिस्ट्रीत असतो, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. मी आधी ती फांदी एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवली, मगच नोंद उडवली. रजिस्ट्रीत प्रत ठेवल्याशिवाय हात घालू नका, आणि संगणक ऑफिसचा असेल तर या नियमांना अजिबात शिवू नका. तिथे ते खरेच ऑफिसचे असतात. एक्स्टेन्शन गेलं. संगणक पुन्हा चालू केला. एक्स्टेन्शन हजर.

बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि दुकानात जातात. मी टास्क शेड्यूलर उघडला. विंडोजमध्ये ठरल्या वेळी आपोआप कामं करायची ही यादी. तिच्यात चांगल्या कंपन्यांचे अपडेटही असतात, म्हणून सरसकट काही उडवायचं नाही. एकेका कामावर क्लिक करून 'ॲक्शन्स' बघत गेले. एक काम अपडेटरसारखं नाव लावून बसलं होतं, पण चालवत होतं पॉवरशेल, म्हणजे लिहून दिलेल्या आज्ञा पाळणारा विंडोजचा प्रोग्राम, आणि पॉवरशेलला दिलेली फाइल होती ॲपडेटा या एरवी लपलेल्या फोल्डरमधल्या अर्थहीन नावाच्या एका फोल्डरात. दर वेळी लॉग इन केलं की हे काम उठायचं आणि नियम पुन्हा लिहायचं. मूळ हे होतं. मग क्रम बदलला: आधी शेड्यूलरमधलं काम, मग ती फाइल, मग रजिस्ट्रीतला नियम. संगणक बंद-चालू केला आणि या वेळी एक्स्टेन्शन आलं नाही.

नंतर वाचलं की ही रीत सर्रास आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये रीझनलॅब्स या सुरक्षा कंपनीने अशाच एका मोहिमेची माहिती दिली होती. यूट्यूब डाउनलोडर, व्हीएलसी प्लेअर अशा नावांच्या खोट्या साइट्स, आणि मागून टास्क शेड्यूलर, पॉवरशेल, सक्तीचं एक्स्टेन्शन. क्रोम आणि एज हे दोन्ही ब्राउझर मिळून किमान ३ लाख लोकांना त्याचा फटका बसला होता. दुकानातल्या मुलाला हे माहीत असायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट तेवढा बघा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'च्या ओळीत अवतरण चिन्हानंतर एक वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला होता. पुसला.

हाताने एवढं झाल्यावर ॲडवक्लीनर हा ॲडवेअर शोधून काढणारा प्रोग्राम चालवला. हे फुकट आहे आणि बसवावंही लागत नाही. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स कंपनीकडे आहे. मात्र ते त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून घ्यायचं. शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ती बहुधा जाहिरात असते, आणि 'क्लीनर' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी स्वतःच ॲडवेअर असतात. त्याने उरलासुरला कचरा, मी न बघितलेल्या दोन-तीन नोंदी शोधून बाजूला टाकल्या. शेवटी विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन केलं. त्यात संगणक विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासला जातो, साधारण १५ मिनिटं लागतात.

सगळं स्वच्छ झालं, आणि भाच्याने क्रोममध्ये आपल्या खात्याने साइन इन केलं. थोड्याच वेळात मला हाक: "मावशी, ते सर्च परत आलंय!"

या वेळी शेड्यूलरमध्ये वावगं काही नाही, पॉलिसी रिकामी. आलं होतं ते सिंकमधून. क्रोमला सिंक लावलेलं असलं की एक्स्टेन्शन्स, सर्च इंजिन, सेटिंग्ज हे सगळं खात्यासोबत फिरतं. त्याच्या खात्यातून खरगोनच्या ताईच्या घरचा संगणकही चालू होता, आणि तिकडे तेच सर्च, त्याच्याच जोडीचं एक साधं एक्स्टेन्शन ठाण मांडून होतं. एका ठिकाणी काढायचं आणि दुसरीकडून परत यायचं. संध्याकाळी ताईला फोन लावला. "ताई, वर उजवीकडे तीन उभे ठिपके दिसतात?" "दिसतात, पण तू सांगतेस ते तिथे नाहीये." "खाली सरकव." "अगं हो, आहे आहे!" दोन्हीकडचं सिंक आधी बंद केलं, दोन्हीकडचं एक्स्टेन्शन आणि सर्च काढलं, मग गूगलच्या सिंकच्या पानावरून साठवलेला डेटा पुसला. पासवर्ड आधी वहीत उतरवून घेतले होते. त्यानंतर ते आलेलं नाही.

पासवर्ड मी फोनवरून बदललेही, बँकेचा सर्वात आधी. ॲडवेअर म्हणजे नुसत्या जाहिराती, असं पुष्कळांना वाटतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कंपनीकडूनच आलेलं सुपरफिश नावाचं ॲडवेअर उघडकीला आलं. जाहिराती घुसवण्यासाठी त्याने संगणकात स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी मानायची हे ठरवणारा दाखला, बसवलं होतं, त्यामुळे कुलूप दिसणारी बँकेची साइटसुद्धा मध्येच उघडून वाचता येण्याजोगी झाली होती. माझ्याकडे तसं काही सापडलं नाही, तरी पासवर्ड बदलायला काय लागतं?

आता ते पुन्हा येऊ नये म्हणून केलेली व्यवस्था. विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, तिथे रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, त्यात 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग', म्हणजे नकोशी ॲप्स अडवणं. आमच्याकडे ते बंद होतं. त्याच्या खालच्या दोन्ही चौकटी लावल्या, ॲप्सची आणि डाउनलोड्सची. भाच्याला वेगळं स्टँडर्ड खातं करून दिलं. संगणकभर बसणारं काही आलं की माझा पासवर्ड मागितला जातो, आणि मी आधी विचारते की हे कुठल्या साइटवरून घेतलंय. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं. जाहिरात अडवणं म्हणजे चोरी असं म्हणणारे भेटतात, पण शोधाच्या निकालात खऱ्या कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती येतात म्हणून ॲड ब्लॉकर वापरा, असं अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. क्रोमवर युब्लॉकची जुनी आवृत्ती आता चालत नाही, लाइट आवृत्ती मिळते.

आणि टायपिंग. यावर मी जरा हट्टाने बोलते, कारण आपल्या भाषेच्या लोकांना ॲडवेअर फॉण्ट आणि टायपिंगच्या साइट्सवरूनही लागू शकतं. नुसतं मराठी लिहायचं असेल तर काहीही डाउनलोड करावं लागत नाही. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड आहेच, आणि २०१९ पासून मराठीचा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून लिहायचा, कीबोर्डही आत दिलेला आहे. टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी जोडलं की झालं. भाच्याचा हात रेमिंग्टन गेल या टाइपरायटरसारख्या लेआउटवर बसलेला, सीपीसीटीत तो चालतो, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडियाचं हिंदी इंडिक इनपुट बसवलं, त्यात तो लेआउट आहे. देवनागरीचे युनिकोड फॉण्ट गूगल फॉण्ट्सवर फुकट आणि निर्धोक मिळतात.

ताईच्या संगणकावर ही ब्लॉकिंगची चौकट फोनवरूनच लावून झाली. स्टँडर्ड खातं करायचं तेवढं राहिलंय. भाच्याची परीक्षा झाली की त्याला सोडायला खरगोनला जाईन तेव्हा करून देईन.