चार शिवणींचा चौक

तिऱ्ह्याचा सीनेवरचा पूल यायच्या आधीच जांघेत चुरचुरायला लागलं. सोलापूर अजून पुरतं मागे पडलं नव्हतं. पुढे टाळ, मागे टाळ, आणि माझ्या मनात विठ्ठल थोडा, उजवी मांडी फार. पाऊस आमच्याकडे आषाढात घाईच्या पाहुण्यासारखा येतो, उंबऱ्यातूनच परत फिरतो. मागे राहतो तो दमटपणा.

माझं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, अशोक चौकाच्या बाजूला. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे. दिवसभर कापड हातात असतं, त्यामुळे चालताना मला शिव्याही कापडाच्याच भाषेत सुचत होत्या. अंगात सुती सलवार-कुर्ता, आत सुती होजिअरीची निकर. निघताना सासूबाईंनी तीनदा बजावलं होतं, "वारीत सुतीच घाल." सगळेच सांगतात. कापूस घाम पितो हे खरंच आहे. पण प्यायलेला सोडत नाही, हे कुणी सांगत नाही. साध्या हवेत, हाताला कोरडा लागणारा कापूससुद्धा वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसलेला असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे दुपारी बारापर्यंत माझ्या अंगावर जे होतं ते फरशी पुसायचं फडकं होतं. ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासते. त्यात घामातलं मीठ.

पण खरा घात शिवणीचा. साध्या निकरीत किंवा सलवारीत पुढची, मागची आणि दोन्ही पायांची अशा चारही शिवणी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. चारी बाजूंची दुमड एकावर एक बसून तिथे गाठ तयार होते, आणि ती नेमकी जिथे मांड्या भेटतात तिथे. म्हणून जाणता शिवणारा तिथे, म्हणजे आसनात, वेगळा तुकडा घालतो, चौकोनी कळी. मग चौकच मोडतो, शिवणी बाजूला सरकतात, पाय मोकळा पडतो. कळीला लागतं वीतभर कापड आणि थोडा जास्तीचा वेळ. बाजारातल्या निकरीत दोन्ही वाचवलेलं असतं.

विसाव्याला दिंडी बाभळींच्या सावलीत टेकली. एक मंडळ बिस्किटाचे पुडे वाटत होतं. पुड्यापेक्षा वाटणाऱ्याचा फोटो मोठा, आणि घेणाऱ्याने बॅनरच्या बाजूला तोंड करून घ्यायचं. मी घेतला नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि पाय पसरून बसले. बसले म्हणजे कलंडले.

"काय गं माय, सकाळधरनं बघायलेय, फाकून चालायलीस."

आमच्याच दिंडीतली आजी. अक्कलकोटकडची. तोवर तिच्याशी माझं बोलणं "माउली, जरा पाणी द्या" एवढंच. मी म्हटलं, काही नाही, घासलंय जरा. तिने माझ्याकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं, आणि म्हणाली, "खाऊन घे. मग चल."

उसाच्या फडाच्या कडेला नेलं. इकडेतिकडे बघून सरळ काष्टा बाजूला केला. लुगड्याच्या आत गडद निळी कबड्डीची चड्डी. नातवाची, त्याला तोकडी झालेली. मी हसणार होते, पण नजर शिवणीवर गेली. चड्डी उलटी घातली होती. ओव्हरलॉकची, म्हणजे कडा गुंफणाऱ्या शिलाईची, जाड दोरी सगळी बाहेरच्या अंगाला, कातडीकडची बाजू सपाट.

"उलटी का घातली, आजी?"

"शिवण खाती की गं मांडीला. आत बघणार कोण हाय?"

आमच्या धंद्यात याच गोष्टीसाठी वेगळं मशीन येतं. फ्लॅटलॉक. चार सुया, सहा धागे. कापडाच्या कडा एकमेकींवर चढवून दुमडत नाही, शेजारी शेजारी ठेवून दोन्हीकडून सपाट बांधतं. धावणाऱ्यांचे, सायकलवाल्यांचे कपडे त्यावर होतात. मी एकदा एका शाळेला खेळाच्या चड्ड्यांसाठी ते सुचवलं होतं. समोरच्याने फक्त नगाचा दर विचारला आणि खाली ओव्हरलॉकचा आकडा लिहिला. आजीने तेच काम बिनपैशात केलं होतं.

तिचे बाकीचे बदल मी नंतर नीट पाहिले, कारण तिने पिशवीतली दुसरी, धुतलेली चड्डी माझ्या हातात कोंबली. कमरेचं इलॅस्टिक काढून नाडी ओवलेली, कारण इलॅस्टिकचा काच पडतो आणि काचाखाली घामोळं. मागचं कंपनीचं लेबल दातांनी उसवलेलं, धाग्याचं टोक अजून होतं. हल्ली भारी बनियनला लेबल शिवतच नाहीत, गरम दाबाने छापतात. ते याच खाजेपायी. मग पदराच्या गाठीतून खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली निघाली, तिच्यात खोबरेल. "लाव. लाजू नको, म्या तिकडं तोंड करते." तिकडे तोंड करून ती मोठ्याने रामकृष्णहरी म्हणत राहिली, कुणी आलं तर कळावं म्हणून.

मी विचारलं, काष्ट्यात तर शिवणच नसते, मग चड्डी कशाला? नऊवारीचं ते मोठेपण आहेच. अख्ख्या कापडाला कात्री लागत नाही आणि दोन मांड्यांमध्ये कापडाचा पदर आपोआप येतो. आजी म्हणाली, कोरडं हाय तवर लई झ्याक. घामानं भिजलं की त्याच्या चुण्या घासत्यात.

दुपारनंतर पखवाज लागला. मी ताल धरला, आणि कधीतरी मांडीची आठवण गेली. किती वेळ ते सांगता येणार नाही. काळी माती, पायाचा आवाज, पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस हलायची ती थांबतच नाही. एवढंच होतं आणि पुरेसं होतं. मग लाऊडस्पीकरवाली एक जीप बाजूने घुसली आणि सगळं विस्कटलं.

कामती, माचणूर झालं. मंगळवेढ्याला चोखोबांच्या नावाने डोकं टेकलं.

मुक्कामाला खरी पंचाईत वाळवण्याची. ट्रकपासून झाडापर्यंत दोरी. तिच्यावर पुरुषांच्या बंड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या, लंगोट, सगळं निशाणासारखं फडफडत. बायकांचे आतले कपडे परकराखाली, परकरावर टॉवेल. वारा नाही, ऊन नाही. पहाटे काकड्याला उठून तेच दमट अंगावर चढवायचं, मग जांघेत चट्टे. त्यात मी सोलापूरची, म्हणून टॉवेल आपला सोलापुरीच आणलेला. त्याच्या टेरी विणीत ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात, एक ताठ, एक सैल. सैलाचे फासे वर येतात आणि फाशाफाशात पाणी शिरतं. अंग पुसायला याच्यासारखा नाही, वाळायला याच्याइतका हट्टी नाही. शेजारच्या दोरीवरचे पंचे वाळून घडी होऊन जायचे, माझा तसाच जड लोंबत. मी वैतागून माझे कपडे सरळ दोरीवर टाकले. आमच्या प्रमुखांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या संध्याकाळी दोरीवर आणखी दोघींचे होते.

कबड्डीची चड्डी मात्र पिळून झटकली की तासाभरात कोरडी. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पीतच नाही. पाणी तंतूंच्या मधल्या फटींतून पसरत बाहेरच्या अंगाला येतं आणि उडून जातं. चांगल्या जातीत तंतूलाच लांबट खाचा पाडलेल्या असतात, त्यातून घाम पन्हळीतून जावा तसा जातो. पण पॉलिएस्टरला तेलाची माया. अंगाचं तेल धरून ठेवतं आणि वासही. दुसऱ्या दिवशी चड्डी स्वच्छ दिसत होती, वास तालमीचा.

आमच्यात एक नर्सिंगची मुलगी होती. तिची स्पोर्ट्स ब्रा बघून बायकांत कुजबुज. पट्टे मागे एकत्र येणारी, हुक नाही. तिने सांगितलं, दिवसभर चालून छाती दुखत नाही. मग मीही सांगितलं, की हे 1977 साली अमेरिकेत तिघींनी केलं, लिसा लिंडाल, हिंदा मिलर आणि पॉली स्मिथ. पहिला नमुना पुरुषांचे दोन लंगोट एकमेकांना शिवून केला. मी लंगोट म्हटलं ते समजावं म्हणून, ते खेळाडूंचे जॉकस्ट्रॅप होते. एवढा हशा पिकला की हरिपाठाला उभे राहिलेले विणेकरी खाकरले. त्याला लागणारा लवचिक धागा, स्पँडेक्स, 1958 साली ड्युपॉन्टच्या जोसेफ शिव्हर्सने काढला. पण ते सांगायची सोय राहिली नाही, हरिपाठ सुरू झाला. मी टाळी चुकवत उभी. पहिले दोन अभंग डोक्यात लंगोटच होते, तिसऱ्याला निवळलं.

पंढरपुरात दर्शनबारीत आजी पुढे, मी मागे. बारी हलेना. लोक ढकलत होते, कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि आजीने मागे वळून ऑर्डर दिली.

"तू शिवतीस नव्हं? मला दोन करून दे. नाडीची. आसनात कळी घाल."

मी म्हटलं, दोन पदरी विणीचं कापड येतं आजी, आतून पॉलिएस्टर, वरून सुती. आतल्या अंगाचा घाम बाहेरचा कापूस ओढून घेतो. फ्लॅटलॉक माझ्याकडे नाही, बाहेरून मारून आणते.

"आतनं कायबी घाल. वरनं सुती दिसू दे, सून हसती. आन् डावीकडं खिसा, आतल्या अंगाला, नोटा भिजू नयेत आसा."

खिशाला आत प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेलं कापड लागेल, मी म्हटलं, थोडं महाग पडेल.

"किती?"

मी आकडा सांगितला. कळी, बाहेरची मजुरी, खिसा धरून, नफा न लावता.

"ह्या!" आजी म्हणाली. "एवढ्यात तर मी नातवाला नवी घेऊन देईन आन् त्याची जुनी मी घालीन." बारी चार पावलं सरकली. "कळी ठेव," ती म्हणाली, "खिसा ऱ्हाऊ दे. आता सांग."