तुम्ही विचारलंत म्हणून: डेटाचं वर्गीकरण म्हणजे नक्की कशाचं?

“डेटाचं वर्गीकरण करता, म्हणजे दिवसभर करता तरी काय?” कामाबद्दल बोलणं निघालं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनपैकी एक चित्र असतं. एक तर फायलींवर ‘गोपनीय’, ‘अंतर्गत’, ‘सार्वजनिक’ असे शिक्के मारणारं कुणीतरी, नाहीतर हजारो फोटोंतून मांजरं एकीकडे आणि कुत्री दुसरीकडे करणारं सॉफ्टवेअर. दोन्ही कामं खरी आहेत, पण ती माझी नाहीत.

मी मेटाडेटा रजिस्ट्रीचं, म्हणजे डेटाच्या वर्णनांच्या नोंदवहीचं काम बघते, आणि तिथे मुळात डेटाच नसतो. कुणाचं वजन किती, कोण कधी जन्मलं, यातलं काहीही माझ्यासमोर येत नाही. येतात ती वर्णनं. ‘व्यक्तीची जन्मतारीख’ कशाला म्हणायचं, ती कशी लिहायची, ही व्याख्या कुणी दिली, सध्या कितवी आवृत्ती चालू आहे, वगैरे. वर्गीकरण होतं ते या वर्णनांचं. हे ऐकून समोरच्याचा चेहरा जरा पडतो, पण खरी गंमत इथूनच सुरू होते.

या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ/आयईसी १११७९. त्याचे भाग १९९०च्या दशकात निघू लागले, आणि त्यातला दुसरा भाग खास वर्गीकरणावर आहे. मानक असं सांगतं की प्रत्येक डेटा एलिमेंटचे, म्हणजे ‘व्यक्तीची जन्मतारीख’सारख्या एकेका वर्णनाचे, दोन तुकडे असतात. पहिला तुकडा अर्थाचा: कोणाबद्दल बोलतोय आणि त्याचा कोणता गुण. यातल्या ‘कोणाबद्दल’ला ऑब्जेक्ट क्लास म्हणतात, गुणाला प्रॉपर्टी, आणि दोन्ही मिळून होतो डेटा एलिमेंट कन्सेप्ट. दुसरा तुकडा लिहिण्याचा: कोणती मूल्यं चालतील आणि ती कशा रूपात लिहायची. हे व्हॅल्यू डोमेन.

‘व्यक्तीचं लिंग’ घ्या. आयएसओ ५२१८ या मानकात त्याचे चारच कोड आहेत: ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री आणि ९ लागू नाही. समजा, एखाद्या जुन्या सिस्टिममध्ये याच चार अर्थांसाठी आकड्यांऐवजी अक्षरं वापरली आहेत. मग अर्थ तोच, लिखाण वेगळं. म्हणजे कन्सेप्ट एक आणि एलिमेंट दोन. आता आरोग्याच्या डेटाच्या देवाणघेवाणीसाठीचं एचएल७ संस्थेचं फायर हे मानक बघा. तिथेही चारच पर्याय आहेत: मेल, फीमेल, अदर, अननोन. वरवर पाहणारा म्हणेल, हेही तेच की. पण ‘अदर’ला ५२१८मध्ये जागा नाही आणि ‘लागू नाही’ला फायरमध्ये नाही. मूल्यं लिहायची कशी हे व्हॅल्यू डोमेनचं काम, पण शक्य अर्थ कोणते हे कन्सेप्टशी बांधलेलं असतं. इथे तो अर्थांचा संचच निराळा आहे, त्यामुळे काटेकोरपणे पाहिलं तर हा कन्सेप्टच वेगळा. एकातून दुसऱ्यात डेटा ओतलात तर काही माणसं वाटेत सांडणार.

वर्गीकरण कामाला येतं ते इथे. हे दोन कन्सेप्ट एकच आहेत असं मला रजिस्ट्रीत लिहिता येत नाही, कारण ते खोटं होईल. पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं भासवूनही चालणार नाही. म्हणून दोघांना विषयांच्या स्कीममधल्या, म्हणजे वर्गांच्या ठरलेल्या यादीतल्या, ‘लोकसंख्याविषयक’ या एकाच वर्गात बसवायचं. एलिमेंट म्हणजे काय, हे त्याच्या व्याख्येनं सांगायचं असतं. वर्ग एवढंच सांगतो की अमुक नजरेनं बघितलं तर हे शेजारी आहेत, दोन्ही एकदा पाहून घ्या. शेजाऱ्यांना जुळी भावंडं समजणं हा या कामातला नेहमीचा घोटाळा.

वर्ग टांगायचा कोणत्या पातळीवर, यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद होतात, आणि मला ते आवडतात. ‘लोकसंख्याविषयक’ हा अर्थाबद्दलचा वर्ग आहे, तेव्हा तो कन्सेप्टवर टांगायचा. मग त्या कन्सेप्टमधून निघणारं प्रत्येक एलिमेंट आपोआप त्याच्या छत्राखाली येतं. ‘विम्याच्या दाव्यात वापर’ हा वर्ग मात्र नेमक्या एका एलिमेंटचा, कारण दाव्याच्या फॉर्मला ठरलेलेच कोड चालतात. तो कन्सेप्टवर टांगलात तर अक्षरांचं एलिमेंटही दावा करण्याजोगं दिसायला लागेल, आणि कुणीतरी ते भोळेपणानं वापरेल.

नव्यानं आलेल्या माणसाला वर्ग पाडायला सांगा, तो हमखास तारखांचा एक ढीग करतो. जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, पावतीची तारीख, सगळ्या ‘तारखा’ या वर्गात. दिसायला नीटनेटकं, उपयोग शून्य. मूल्य तारखेच्या रूपात आहे हे व्हॅल्यू डोमेननं आधीच सांगितलेलं असतं. नोंदीत जे आहे तेच वर्गात पुन्हा लिहून कुणाचा शोध सोपा होत नाही. (‘इतर’ या वर्गाबद्दल मी इथे बोलत नाही, बोलले तर थांबणार नाही.)

एक वर्णन एकाच वर्गात असलं पाहिजे, हाही एक हट्ट. तो मला वाटतं पुस्तकांच्या कपाटाकडून आलाय. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूईनं १८७६ साली दशांश वर्गीकरण काढलं तेव्हा पुस्तकाला फळीवर एकच जागा मिळणार हे उघड होतं. पुढे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचेच पैलू पाडले आणि ते जोडून क्रमांक बनवला. एलिमेंटचे ऑब्जेक्ट क्लास आणि प्रॉपर्टी असे तुकडे पाडताना मला ती पैलूंची रीतच आठवते. रजिस्ट्रीत तर फळीच नाही. त्यामुळे एकाच नोंदीवर विषयाचा एक वर्ग, वापराचा दुसरा, कायद्याच्या कलमाचा तिसरा, असे कितीही टांगता येतात. अट एवढीच की प्रत्येक वर्ग कोणत्या स्कीमचा आणि कितव्या आवृत्तीचा, हे सोबत हवं. ‘वर्ग: आर्थिक’ एवढंच लिहिलेली नोंद मी परत पाठवते. कोण म्हणतं आर्थिक?

दुसरा एक गुंता आरोग्याच्या क्षेत्रातल्या लोकांना फार छळतो. आयसीडी-१० हे रोगांचं वर्गीकरण. त्यात आय१० हा कोड प्राथमिक उच्च रक्तदाबाचा. ‘रुग्णाच्या निदानाचा कोड’ या एलिमेंटमध्ये हेच कोड भरले जातात. म्हणजे आयसीडी इथे व्हॅल्यू डोमेनमध्ये बसलंय, आणि वर्गीकरण होतंय ते रुग्णाच्या आजाराचं. एलिमेंटचं वर्गीकरण ही याहून निराळी गोष्ट; ते ‘क्लिनिकल’मध्ये जाईल, ‘बिलिंग’मध्येही जाईल. फरक कळतो तो मूल्यं बदलतात तेव्हा. आयसीडी-११ हे १ जानेवारी २०२२पासून लागू झालं. जी संस्था तिकडे वळते तिला नवं व्हॅल्यू डोमेन लागतं, म्हणून एलिमेंटही नवं. ‘रुग्णाचं निदान’ या कन्सेप्टमध्ये मात्र लिंगासारखे मोजके अर्थ बांधलेले नसतात, ‘कोणताही आजार’ एवढंच असतं; त्यामुळे तो आणि त्याचा वर्ग जागचे हलत नाहीत.

नोंदणीचा दर्जाही लोक वर्गच समजतात. ‘कँडिडेट’, ‘रेकॉर्डेड’, ‘क्वालिफाइड’, ‘स्टँडर्ड’ या पायऱ्या ती नोंद कितपत तपासली गेलीय, हे सांगतात. ती कशाबद्दल आहे याचा त्यांच्याशी संबंध नाही.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? मोठ्या रजिस्ट्र्या बघा. ऑस्ट्रेलियातल्या आरोग्य आणि कल्याण संस्थेची मेटिऑर आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची सीएडीएसआर आहे. सीएडीएसआर आपले कन्सेप्ट त्याच संस्थेच्या थिसॉरसमधल्या, म्हणजे संज्ञाकोशातल्या, कोडना जोडते, म्हणजे नाव कसंही लिहिलं तरी अर्थाचा धागा सापडतो. एवढ्या नोंदींमध्ये नुसत्या नावावरून शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही, आणि माणूस वैतागून नवीनच एलिमेंट बनवतो. रजिस्ट्री फुगते ती अशानं.

माझ्याकडे नवा प्रस्ताव येतो तेव्हा म्हणूनच मी त्याचं नाव आधी बघत नाही. समजा ‘रुग्णाचं वय’ आलंय. मी ‘व्यक्ती’खालचा ‘वय’ हा वर्ग उघडते. तिथे ‘पूर्ण झालेली वर्षं’ असतं, ‘दाखल होतानाचं वय’ असतं, कुणा संशोधकाचं ‘अंदाजे वय’ही असतं. यातली निम्मी नावं ‘रुग्णाचं वय’ असा शोध घेऊन दिसलीच नसती. मग प्रस्ताव आणणाऱ्याला शेजारी बसवते आणि एकेक व्याख्या वाचायला लावते. बहुतेकदा असं निघतं की त्याला हवा तो कन्सेप्ट आधीपासून आहे; बाळांचं वय महिन्यांत लिहायचं असल्यामुळे फक्त व्हॅल्यू डोमेन नवं जोडायचंय.