अमेरिकेत एम.एस. बायोलॉजी: सगळं अडलं ते 'पेपर २' या ओळीपाशी

आपल्याकडच्या जुन्या पॅटर्नच्या बी.एस्सी. गुणपत्रिकेवर विषयाचं नाव म्हणून काय छापलेलं असतं? 'रसायनशास्त्र पेपर १', 'रसायनशास्त्र पेपर २', 'प्राणिशास्त्र पेपर ३', आणि खाली प्रॅक्टिकलची एक ओळ. बस. अमेरिकेतल्या बायोलॉजी विभागाला मात्र ऑरगॅनिक केमिस्ट्री झाली का, ती प्रयोगशाळेसकट झाली का, जेनेटिक्स कधी झालं, स्टॅटिस्टिक्स झालं का, हे हवं असतं. या सगळ्याची उत्तरं आपल्या गुणपत्रिकेत असतात, पण 'पेपर २' या दोन शब्दांच्या आत बंद. माझ्या प्रवेशातल्या बाकीच्या पायऱ्या कधी आल्या नि गेल्या ते आठवतही नाही. या एका ओळीवरून झालेली वैतागवाडी मात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. जीआरई, म्हणजे तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, पुष्कळ बायोलॉजी विभागांनी काढून टाकली आहे. जीआरईची वेगळी बायोलॉजी विषय-परीक्षा तर २०२१ पासून बंदच आहे, त्यामुळे एखाद्या जुन्या माहितीपत्रकात ती दिसली तर घाबरू नका. जिथे जनरल जीआरई लागते तिथे ती आता दोन तासांच्या आत संपते आणि गुण ५ वर्षं चालतात. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मात्र २ वर्षंच चालतात. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा विचार असेल तर ही तारीख आधी बघा. पदवीला ४ पैकी ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी) ही बहुतेक ठिकाणची किमान अट. शिफारसपत्रं तीन. ती देणाऱ्या सरांना-मॅडमना पत्र भरायची लिंक त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर जाऊ द्या, खासगी जीमेलवरच्या पत्राकडे काही विद्यापीठं संशयाने बघतात.

आता मुद्द्याचं.

अमेरिकेत तुमचा अर्ज दोन वेगवेगळ्या टेबलांवर जातो. एक ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे विद्यापीठाचं मध्यवर्ती कार्यालय. ते पदवी समकक्ष आहे का, जीपीए किती, इंग्रजीची परीक्षा आहे का, एवढंच बघतं. दुसरा खुद्द बायोलॉजी विभाग, तो तुमची तयारी बघतो. विभागाची यादी साधारण अशी असते: जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर प्रयोगशाळेसह, ऑरगॅनिकची एक किंवा दोन प्रयोगशाळेसह, फिजिक्स, कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्स, आणि बायोलॉजीत जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, इकॉलॉजी, इव्होल्यूशन. प्रत्येक विभागाची यादी थोडी वेगळी, पण ऑरगॅनिक आणि जेनेटिक्स जवळपास सगळीकडे. एका टेबलाने होकार दिला म्हणजे दुसऱ्यानेही दिला असं धरून चालू नका.

या दोघांच्या मध्ये परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणारी संस्था येते. तिचे अहवाल दोन प्रकारचे. एकात फक्त 'ही पदवी अमुक पदवीशी समकक्ष' एवढं असतं, तो स्वस्त. दुसऱ्यात प्रत्येक विषयाचे अमेरिकन क्रेडिट (विषयाला दिलेल्या तासांचं माप) आणि ग्रेड काढलेले असतात. बायोलॉजीला दुसराच लागतो. स्वस्तातला मागवून नंतर परत पैसे भरू नका. आणि पैसे भरण्याआधी ज्या विद्यापीठात अर्ज करणार त्याचं तीन वर्षांच्या पदवीबद्दलचं धोरण वाचा. काही मूल्यमापन संस्था तुमच्या विद्यापीठाची नॅक श्रेणी आणि तुमचा वर्ग पाहून तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकन बॅचलर्सशी समकक्ष धरतात, काही धरत नाहीत. आणि संस्थेने धरली तरी सोळा वर्षांच्या शिक्षणावर अडून बसणारी ग्रॅज्युएट स्कूल्सही आहेत. तिथे एम.एस्सी.चं निदान एक वर्ष दाखवावं लागतं.

विषयवार अहवाल येतो तेव्हा खरी गंमत कळते. संस्था तुमच्या वर्षाचा पूर्ण भार साधारण ३० अमेरिकन क्रेडिटच्या आसपास धरते आणि तो गुणांच्या किंवा आपल्या क्रेडिटच्या प्रमाणात पेपरांवर वाटते. वाटणी ठीकच असते. पण विषयाचं नाव ते गुणपत्रिकेवरून जसंच्या तसं उचलतात. म्हणजे अहवालात येतं 'रसायनशास्त्र पेपर २, क्रेडिट अमुक, ग्रेड ए'. प्रॅक्टिकलची ओळ वेगळी, तिला स्वतःचे क्रेडिट, आणि ते प्रॅक्टिकल कशाचं, याचा पत्ता नाही. तीन वर्षं ऑरगॅनिक स्पॉटिंग केलं, बायनरी मिक्श्चर वेगळी केली, डेरिव्हेटिव्हचे मेल्टिंग पॉइंट काढले, आणि कागदावर ऑरगॅनिक लॅब शून्य.

मग सुरू होतो टोलवाटोलवीचा खेळ. संस्था म्हणते, आम्ही अभ्यासक्रम तपासत नाही, गुणपत्रिकेवर जे आहे तेच लिहितो. ग्रॅज्युएट स्कूल म्हणतं, विषयांचं विभाग बघेल. विभागाची कारकून म्हणते, अहवालात ऑरगॅनिक दिसत नाही, संस्थेकडून सुधारून आणा. प्रत्येकाचं उत्तर नम्र, शेवटी 'शुभेच्छा', आणि तुम्ही आहात तिथेच. यात कोणी खोटं बोलत नसतं. हे काम कोणाचंच नसतं, म्हणून ते तुमचं असतं.

सुटका ज्या कागदाने होते तो म्हणजे साक्षांकित अभ्यासक्रम. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतलात त्या वर्षीच्या पॅटर्नचाच हवा, आत्ता संकेतस्थळावर दिसतो तो नव्हे. अभ्यास मंडळाने मंजूर केलेल्या पीडीएफमधून आपल्याच पेपरांची पानं छापा, प्रत्येक पानावर प्राचार्यांची किंवा विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा गोल शिक्का घ्या. पहिल्या पानावरच शिक्का मारून 'पुढचं सगळं आलं त्यात' असं ऑफिसात सांगतील. ऐकू नका, पानं सुटी होतात.

पण सत्तर पानांचा गठ्ठा पाठवलात तर तो कोणी वाचणार नाही. त्याच्यावर एक पानाचा तक्ता लावा. पहिल्या रकान्यात गुणपत्रिकेवरचा पेपर कोड आणि नाव अक्षरशः तसंच. दुसऱ्यात त्यांच्या यादीतला विषय. तिसऱ्यात तीन-चार घटक: ऑरगॅनिकसाठी स्टिरिओकेमिस्ट्री, एसएन१ आणि एसएन२, कार्बोनिल संयुगांच्या अभिक्रिया, स्पेक्ट्रोस्कोपी. जेनेटिक्ससाठी लिंकेज, मॅपिंग, पॉप्युलेशन जेनेटिक्स. चौथ्यात तासिका किती आणि एक तासिका किती मिनिटांची. पाचव्यात प्रॅक्टिकल किती आणि प्रत्येक किती तासांचं. सहाव्यात गठ्ठ्यातला पान क्रमांक. तासांचे रकाने का? त्यांचा एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे सुमारे १५ आठवडे, दर आठवड्याला एक ५० मिनिटांचं लेक्चर. लॅबचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला साधारण दोन ते तीन तास. तुम्ही तास दिलेत की समोरचा प्राध्यापक मनातल्या मनात भागाकार करून होकार देतो. नाही दिलेत तर तो विचारत बसत नाही, 'अपुरं' लिहून मोकळा होतो.

आपल्याकडे एकाच पेपरात अर्धं इनऑरगॅनिक आणि अर्धं ऑरगॅनिक असतं. तक्त्यात ते प्रामाणिकपणे विभागून दाखवा: पेपर २, विभाग ब, इतक्या तासिका. आणि एफवाय, एसवाय, टीवायच्या अशा तुकड्यांची बेरीज करा. एका पेपरात ऑरगॅनिकचं एक सेमिस्टर कधीच भरत नाही, बेरजेत बहुतेकदा भरतं. टीवायला प्राणिशास्त्र घेतलेल्यांची केमिस्ट्री एसवायलाच संपते, त्यांनी ही बेरीज जास्त काळजीने करावी. स्टॅटिस्टिक्स तर हमखास लपलेलं असतं, बायोस्टॅटिस्टिक्सचं एखादं युनिट टीवायच्या भलत्याच पेपरात. एका युनिटवर पूर्ण विषय मागू नका, त्याने बाकीच्या तक्त्यावरचाही विश्वास जातो.

प्रॅक्टिकलचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे जर्नल. सर्टिफाइड जर्नलचं प्रमाणपत्राचं पान आणि अनुक्रमणिका स्कॅन करून जोडा. हा कागद त्यांनी मागितलेला नसतो, पण लॅबचा वाद तो एका फटक्यात संपवतो. म्हणून निकाल लागल्यावर जर्नलं रद्दीत घालू नका.

हा संच प्रवेश कार्यालयाच्या सामायिक ईमेलवर पाठवणं म्हणजे विहिरीत टाकणं. बायोलॉजी विभागात ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर किंवा ग्रॅज्युएट प्रोग्राम डायरेक्टर नावाचे एक प्राध्यापक असतात, निर्णय त्यांच्या हातात. त्यांना थेट लिहा, पत्र पाच ओळींचं, तक्ता ईमेलमध्येच, गठ्ठा जोडून.

मध्येच आठवलं ते सांगते, नाहीतर राहील. गुणपत्रिकेवर आपलं नाव आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव अशा क्रमाने असतं. तिकडचा कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि तुम्हाला आईच्या नावाने फाइल करतो. अर्ज, मूल्यमापनाचा अर्ज आणि परीक्षा, सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

ट्रान्सक्रिप्टबद्दलही इथेच. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून बंद पाकीट, त्याच्या झाकणावर सही आणि शिक्का, आणि बाहेर मूल्यमापन संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक. क्रमांक विसरलात तर पाकीट पोचतं पण तुमच्या फाइलला लागत नाही. पाकीट उघडलं की ते बाद. एकाच वेळी दोन-तीन जादा संच मागा, नंतर पुन्हा तीच रांग. आता काही विद्यापीठं ऑनलाइन पाठवतात, तुमचं पाठवत असेल तर दुसरा विचार करू नका.

सगळं पटलं तर सरळ प्रवेश. थोडं पटलं तर सशर्त. प्रवेशपत्रात लिहिलेलं असतं की अमुक विषय पहिल्या वर्षात किमान 'बी' ग्रेडने पूर्ण करा. याची किंमत नीट समजून घ्या. हे विषय पदवीपूर्व पातळीचे, त्यामुळे एम.एस.च्या ३० क्रेडिटमध्ये ते धरत नाहीत. म्हणजे तीन-चार क्रेडिटची फी जास्तीची, तीही परराज्यातल्या विद्यार्थ्यांना लावतात त्या चढ्या दराने. असिस्टंटशिप (विभागात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) असेल तर तिच्यातली फीमाफी पदवीपूर्व विषयांना लागू आहे का, हे विचारा, अनेकदा नसते. माझा स्पष्ट सल्ला: एखादा विषय खरोखरच झाला नसेल तर भांडू नका, करून टाका. झाला असेल तर एक क्रेडिटही सोडू नका.

आणि सूट मिळाली तर ती लेखी घ्या. प्रोफेसरांनी तोंडी 'तुला जेनेटिक्सची गरज नाही' म्हटलं तरी ग्रॅज्युएट स्कूलच्या संगणकात अट तशीच असते. ती काढायला वेगळा फॉर्म असतो, विभागाने सही करून वर पाठवायचा. तो गेला नाही तर पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते, किंवा त्याहून वाईट, एम.एस.ची पदवी मिळवण्याच्या अर्जाच्या वेळी अट वर येते.

एम.एस. पदवीची बाजू त्यामानाने सुटसुटीत आहे. बहुतेक ठिकाणी ३० क्रेडिट, काही ठिकाणी ३६. थिसिसचा मार्ग घेतला तर त्यातले ६ च्या आसपास संशोधनाचे, नाहीतर जास्त विषय आणि शेवटी सर्वंकष परीक्षा किंवा प्रोजेक्ट. थिसिस करायचा असेल तर अर्ज करण्याआधीच मार्गदर्शक शोधा. पुष्कळ विभागांत घ्यायला तयार असा प्राध्यापक नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही प्रवेश मिळत नाही. पहिल्या वर्षात मार्गदर्शकासह किमान तिघांची कमिटी आणि प्रोग्राम ऑफ स्टडीचा फॉर्म, ज्यात कोणते विषय पदवीत धरायचे ते लिहितात. त्या फॉर्मवर नसलेला विषय तुम्ही कितीही छान पास झालात तरी मोजत नाहीत. सरासरी ३.० च्या खाली गेली की प्रोबेशन, म्हणजे सुधारण्याची ताकीद. 'सी' किती चालतात याची मर्यादा ठरलेली असते.

कशेरुकी प्राण्यांवर काम असेल तर प्राणी-वापर समितीची मंजुरी पहिल्या उंदराला हात लावण्याआधी. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती थिसिसमध्ये घालता येत नाही, मागाहून मंजुरी मिळत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर साधारण ९ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ, त्याखाली जाण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी. डिफेन्स, म्हणजे थिसिसची कमिटीसमोरची तोंडी परीक्षा, ज्या सेमिस्टरमध्ये आहे त्यात नोंदणी असावीच लागते. आणि थिसिसच्या समासाची, पान क्रमांकांची तपासणी ग्रॅज्युएट स्कूल करतं, त्याची शेवटची तारीख डिफेन्सच्या तारखेपेक्षा वेगळी असते.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये पेपरांना नीट नावं आहेत, चार वर्षांचीही सोय आहे, त्यामुळे तुमचं निम्मं काम कमी. पण पेपरातले तास आणि प्रॅक्टिकलची यादी अजूनही गुणपत्रिकेवर येत नाही. तेव्हा आपल्या पॅटर्नची पीडीएफ आजच उतरवून ठेवा, पॅटर्न बदलला की जुनी फाइल संकेतस्थळावरून गायब होते. शिक्के मारलेल्या मूळ प्रती स्वतःकडे ठेवा, पाठवा ते स्कॅन. पुढे पीएच.डी.चा अर्ज दुसऱ्या विद्यापीठात केलात तर तिथली कमिटी पुन्हा हेच विचारणार: ऑरगॅनिक लॅब कुठे आहे?