आंबोलीच्या सड्यावरचा वाघ

आंबोलीला पावसाळ्यात सगळे धबधबा बघायला जातात, मीपण दोनतीन वेळा तेवढंच करून आले होते, पण यावेळी एका स्थानिक मित्राने रात्री टॉर्च घेऊन सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर नेलं आणि पहिलीच सूचना दिली, बघून पाय टाक, खाली पिल्लं असतील. खाली काय तर जांभ्याच्या खळग्यात साचलेलं बोटभर पाणी!

त्या पाण्याच्या कडेला तो बसलेला. आंबोली टोड, बेडकाचाच एक प्रकार, अंगठ्याएवढा, बाजूंवर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावच झँथोफ्रायनी टायगेरिना. आंबोलीचं नाव पर्यटनात इतकं जुनं आणि या टोडला वेगळी जात म्हणून नाव मिळालं 2009 मध्ये! जगात फक्त आंबोलीच्या आसपास सापडतो, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त. याच्या झँथोफ्रायनी या वंशात दुसरा एकच, कोयनेचा टोड, त्याचं वर्णन 1963 मध्ये झालंय आणि तोही धोक्यातच आहे.

मला सगळ्यात जास्त लागून राहिली ती यांची अंडी घालायची जागा. आपल्या अंगणातला नेहमीचा टोड तळ्यात लांबच लांब माळांमध्ये हजारो अंडी घालतो, थोडी गेली तरी चालतं. हा मात्र पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या या उथळ डबक्यांत मोजकीच अंडी घालतो, आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली की डबकं आटायला लागतं, म्हणजे पिल्लांना पाय फुटून बाहेर पडायची घाईच असते. वर्षाला 7000 मिमी पाऊस पडतो तिथे, तरी यांचं सगळं अवलंबून कशावर, तर मधल्या त्या खंडावर.

आणि नेमकं त्याच दिवसांत वीकेंडची गर्दी. रस्त्यावर चिरडलेले टोड मी स्वतः बघितले, सकाळी एकाने तर गाडी थेट सड्यावर चढवली होती, स्पीकर लावून. आमच्या मित्राने जाऊन शांतपणे डबकं दाखवलं, त्यातले टॅडपोल, म्हणजे टोडची पिल्लं दाखवली, तेव्हा त्यांनी गाडी काढली खरी, पण टायर एका खळग्यातून गेलाच होता. सडा दिसायला ओसाड म्हणून कागदोपत्रीसुद्धा कित्येकदा पडीकच धरतात, चिरेखाण काढा नाहीतर रिसॉर्ट बांधा, कोण विचारतंय!

जाणार असाल तर रात्री घाटात गाडी हळू चालवा, सड्यावर चालतच जा आणि दगड उलटे करू नका, सुट्या दगडांखालीच हे लपलेले असतात. निघायच्या दिवशी मी ते पहिलं डबकं परत बघून आले, पाणी निम्म्यावर आलं होतं, काळे ठिपके अजून हलत होते आणि दुपारपर्यंत पाऊस नव्हता.