आमच्या वॉर्डातली विच

गणपतीची रजा मागताना मी आजवर अर्जात 'फॅमिली फंक्शन' एवढंच लिहीत आले. मूर्ती कसली, दीडच दिवस का, विसर्जन बादलीत कसं, हे कोण समजावत बसणार! आणि इथं इंग्लंडमध्ये आमच्या स्ट्रोक वॉर्डातल्या एका सिस्टरनं १ फेब्रुवारीच्या रजेसाठी सरळ लिहून दिलं: इम्बोल्क, धार्मिक सण. मॅनेजरबाईंनी सही केली, 'मजा कर' म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. मी शेजारीच औषधांची ट्रॉली लावत होते.

"हे इम्बोल्क काय असतं गं?" चहाच्या सुट्टीत मी विचारलं.

"हिवाळा सरत आल्याचा सण. ब्रिजिड देवीचा. मी विच आहे ना, तुला माहीत नव्हतं?" बिस्किट चहात बुडवता बुडवता ती म्हणाली.

पन्नाशी ओलांडलेली, दोन नातवंडांची आजी. मी नवीन असताना लुळ्या पेशंटला कूस कशी बदलून द्यायची, हे मला हिनंच शिकवलेलं. तिच्या तोंडून हे ऐकून मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळे आपापला चहा पीत होते.

तसं आमच्या भागात विच, म्हणजे चेटकीण, हा विषय घरचाच. मँचेस्टरहून बर्नलीला येणाऱ्या बसचं नावच 'विच वे'. खिडकीतून पेंडल हिल दिसते, उंची जेमतेम ५५७ मीटर. सातारच्या माणसाला ती डोंगर म्हणवत नाही. पायथ्याच्या गावांत टोपीवाल्या चेटकिणींच्या बाहुल्या, कॉफीचे मग, चुंबकं यांची विक्री जोरात. पण ते पर्यटन. खरोखर स्वतःला तसं मानणारी बाई माझ्याबरोबर नाइट ड्यूटी करते, हे निराळं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन', म्हणजे निसर्गपूजक, आणि १३ हजारांनी 'विका', म्हणजे या विचांचाच धर्म, असा लिहिला. त्यातली एक आमच्या ड्यूटीच्या रोटावर.

तिनं घरी बोलावलं, मी गेले. उत्सुकता होतीच, आणि खरं सांगायचं तर थोडी खुमखुमीही होती. आम्ही शाळेत अंनिसचे प्रयोग बघत वाढलेली माणसं; जिभेवर कापूर कसा जाळतात ते मला पाचवीपासून माहीत.

बेडरूममधल्या ड्रॉवरच्या कपाटावर तिचं देवघर. ती त्याला 'ऑल्टर' म्हणते. गडद हिरवं कापड, दोन मेणबत्त्या, एक चषक, लाकडाची गोल चकती आणि तिच्यावर वर्तुळात कोरलेली पाच टोकांची चांदणी: पेंटॅकल. चार टोकं वायू, अग्नी, जल, पृथ्वी यांची आणि पाचवं चैतन्याचं. (हो, पंचमहाभूतं. मी काही बोलले नाही. खूप काही बोलावंसं वाटलं.) चिमूटभर मीठ वाटीतल्या पाण्यात टाकून ते खोलीत शिंपडायचं. मग वर्तुळ आखायचं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. म्हणजे आपल्या प्रदक्षिणेचीच दिशा, याला 'डिओसिल' म्हणतात. उलट फिरणं म्हणजे 'विडरशिन्स', ते काही मोडायचं, घालवायचं असेल तरच. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. अग्नी आग्नेयेला नाही म्हणून माझ्या हाताला उगीचच खाज सुटली.

वर्तुळ आखायचं ते सुरीनं. काळ्या मुठीची, दुधारी, मुद्दाम बोथट ठेवलेली. तिचं नाव 'अथेमी'. या सुरीनं काहीही कापायचं नाही, साधं पाकीटसुद्धा फोडायचं नाही. कापाकापीला वेगळी सुरी, पांढऱ्या मुठीची 'बोलिन': झाडपाला, दोरा, मेणबत्तीवर चिन्हं कोरणं यासाठी. सोवळ्यातली आणि ओवळ्यातली भांडी हा फरक आजीच्या घरात पाहिलेल्या मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अथेमी घराबाहेर मात्र ती नेत नाही. सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी पातं जवळ बाळगणं इथं गुन्हा. धार्मिक कारण कायद्याला चालतं, पण रात्री अकरा वाजता पोलिसाला पटवत कोण बसेल, असं तिचं म्हणणं. म्हणून माळावरच्या विधीला ती हेझलच्या फांदीची कांडी नेते.

कोपऱ्यात तीन पायांची बिडाची छोटी कढई, तिच्या तळाशी वाळू. वाळूवर कोळशाची चकती पेटवून तिनं डिंकाचे खडे टाकले आणि धूर निघाला. मला रडू आलं. उगीच काव्य करत नाही. तिन्हीसांजेला आई घरभर धुपाटणं फिरवायची, तोच वास. माझ्या भाड्याच्या घरात धूप-उदबत्तीला बंदी आहे, करारात कलमच आहे तसं. एकदा लावली तेव्हा घरमालकाच्या एजंटाचं 'उग्र वासा'बद्दल पत्र आलं होतं. हिचं घर स्वतःचं.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग केरसुणी आली.

ते तिला 'बेसम' म्हणतात. बर्चच्या काटक्या, अॅशच्या लाकडाचा दांडा, वर विलोच्या सालीची बांधणी. काम फार सुबक, दाराशी टांगलेली, काटक्यांचं टोक वर. विधीआधी तिनं जागा झाडायची, पण जमिनीला न टेकवता. केर काढायचा नाही, नको असलेलं वातावरण काढायचं. मी कौतुकानं सांगितलं, की आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात, ती लक्ष्मीच. तिचे डोळे चमकले. आणि मोठ्या उत्साहात तिनं मला मुलीच्या लग्नाचा फोटो दाखवला. हँडफास्टिंग म्हणतात त्याला: नवरा-नवरीचे हात फितीनं बांधतात आणि शेवटी दोघं हातात हात घालून बेसमवरून उडी मारतात. फोटोत दोघं हवेत, पांढरा झगा उडालेला, खाली केरसुणी.

ओलांडली! केरसुणी! लग्नात!

तुम्ही हसाल, पण माझ्या पोटात खड्डा पडला. चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावणारे आपण. दिवेलागणीनंतर झाडू नये, उभी ठेवू नये, पाहुणा उंबऱ्यात असताना हातात घेऊ नये. मी विज्ञान शाखेची, नर्सिंगची पदवीधर, हे काही मानत नाही, आणि तरीही इथल्या माझ्या व्हॅक्यूम क्लीनरलासुद्धा पाय लागला की हात कपाळाकडे जातो. आणि ही माणसं तिच्यावरून उडी मारतात, वर फोटो काढतात. मी तिला जरा जास्तच ठसक्यात ऐकवलं, की आमच्याकडे झाडूचा मान कसा असतो, गरिबाच्या घरीही कसा असतो. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "किती सुंदर! आणि त्या बनवतं कोण?"

आता आली पंचाईत. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या आमच्याकडे पिढ्यानपिढ्या मातंग समाजानं वळल्या. केरसुणी देव्हाऱ्यापाशी गेली, वळणारीला मात्र ओसरीच्या खाली उभं केलं. हे मी तिला सांगितलं नाही. 'कारागीर बनवतात' म्हटलं आणि तिची बेसम कितीला पडली ते विचारलं. तीस-पस्तीस पौंड. त्या पैशांत बाजारातल्या आख्ख्या ढिगाची लक्ष्मी घरी आली असती.

बाकीचं भराभर सांगते. वर्षाचे सण आठ, त्यांचं मिळून 'व्हील ऑफ द इयर': साविन (३१ ऑक्टोबर, पितरांची आठवण), यूल, इम्बोल्क, ओस्टारा, बेल्टेन, लिथा, लूनसा, मेबन. पौर्णिमेची बैठक म्हणजे 'एस्बॅट', गटाला 'कोव्हन' म्हणतात, एकटीनं करणारी 'सॉलिटरी'. काही गट दिगंबर अवस्थेत विधी करतात. लँकेशरच्या हवेत? "मी थर्मल घालते," ती म्हणाली. मंत्र, काढ्यांच्या कृती, तिथ्या हे सगळं 'बुक ऑफ शॅडोज'मध्ये. पूर्वी ते गुरूकडून हातानं उतरवून घ्यायचं, हिची प्लॅस्टिकच्या पाकिटांची फाइल आहे. नियम मोठा एकच: कुणाचं नुकसान होत नसेल तर हवं ते कर.

हे सगळं फार प्राचीन, असं तिथं कानावर पडतं. तसं ते नाही. याची घडी बसवली जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्यानं. सिलोन आणि मलायात उभी हयात गेली, मलायी क्रिस खंजिरांवर त्यानं पुस्तकही लिहिलं. विचक्राफ्टवरचं त्याचं पुस्तक आलं १९५४ मध्ये. म्हणजे आमच्या आजीच्या ट्रंकेपेक्षा हा धर्म लहान. पण नाक उडवायला जाववत नाही. सात हजार वर्षांपूर्वीच्या विमानांचे फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज येतात.

१९५४ आधी का नाही, तर कायदा. १७३५ सालच्या कायद्यानं ब्रिटननं चेटकिणींना शिक्षा देणं थांबवलं, पण आपल्याला तसली शक्ती आहे असं भासवणाऱ्याला तुरुंग ठेवला. १९४४ मध्येसुद्धा हेलन डंकन या माध्यम म्हणवणाऱ्या बाईला त्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. १९५१ मध्ये तो रद्द झाला. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. अशी शक्ती असल्याचं सांगून फसवणारा गुन्हेगार, एखादीनं करणी केली म्हणून तिला छळणाराही गुन्हेगार. सहा महिने ते सात वर्षं. वारी, कीर्तन, पूजा याला हातही लावलेला नाही, तरी किती वर्षं अडला होता! तेव्हा 'भारतात अजून असले कायदे लागतात?' असं इथं कुणी विचारलं, की मी १७३५ वर बोट ठेवते. तुम्ही आधी पोचलात, एवढंच.

आणि त्याआधी काय केलंत, ते तर माझ्या बसच्या खिडकीतून दिसतं. मार्च १६१२. कोलनजवळ अॅलिझन डिव्हाइस नावाच्या मुलीनं जॉन लॉ या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्यानं दिल्या नाहीत. थोडं पुढे जाऊन तो कोसळला. कोर्टातल्या नोंदीत त्याचं वर्णन आहे: तोंड वाकडं झालेलं, बोलणं नीट कळत नाही, हातपाय लुळे, डावा हात जास्त. हे वाचताना माझ्यातली सिस्टर जागी झाली. असा माणूस आमच्याकडे आठवड्याला येतो! वेळ बघायची, सीटी स्कॅनला पळवायचा. अॅलिझनला मात्र स्वतःलाही वाटलं की आपल्याच शापानं झालं, तिनं कबुली दिली. तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीनं टेबलावर उभं राहून आईविरुद्ध साक्ष दिली. २० ऑगस्टला लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिलं, बहुतेक बाया. २० ऑगस्ट ही तारीख मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. त्या सकाळी पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा साताऱ्यात आमच्या गल्लीत चूल पेटली नव्हती.

मैत्रिणीला मी नंदुरबारकडच्या डाकिणींबद्दल सांगितलं. पोर आजारी पडलं, बैल मेला, की एखाद्या बाईचं नाव निघतं, बहुतेकदा विधवेचं, जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे तिचं. घर सोडावं लागतं, कधी जीवही जातो. तिनं हातातला कप खाली ठेवला. "इथंही जमीन होतीच," ती म्हणाली. तिच्या गळ्यातलं पेंटॅकल तिनं ब्लाउजच्या आत टाकलं, का ते मी विचारलं नाही.

निघताना तिनं विचारलं, तुमच्याकडे घरगुती काही असतं का? मी नाही म्हणणार होते. पण लेक सहा महिन्यांची असताना रात्रभर किरकिरायची तेव्हा आई व्हिडिओवरून सांगत होती आणि मी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळत होते, हे नाकारणार कसं? त्यात शास्त्र नाही, मला ठाऊक आहे. आईला सात हजार किलोमीटरवरून नातीसाठी काहीतरी करता येतं, तेवढंच. कोणाचं नुकसान नाही, पैसे नाहीत, बुवा नाही. मग अंधश्रद्धा कशी म्हणायची? मोहरीसुद्धा शेजारच्या नेल्सन गावातल्या पाकिस्तानी दुकानातली. इंडक्शनवर जाळता येत नाही म्हणून मी ती सिंकमध्ये टाकते, त्यामुळे अलार्मही वाजत नाही.

तिनं फाइल उघडली, पेन काढलं. मीठ किती? मिरच्या ओल्या की वाळलेल्या? डिओसिल ना? चंद्र कुठला? मला एकाचंही धड उत्तर येईना. तिथूनच आईला फोन लावला.

"शनिवारी संध्याकाळी कर म्हणावं, आणि करताना कुणाशी बोलायचं नाही," आई म्हणाली. मग थांबून, "पण ही बाई कोण गं? काय करते?"

"नर्स आहे," मी म्हटलं. यात खोटं काही नाही.