घरचा क्लस्टर, नोंद ७ : प्लग उपटला, तरी नोड जिवंत

काल रात्री ‘ब’ स्टोरेजचा प्लग चालू अवस्थेत उपटला आणि क्लस्टरमधला दोन नंबरचा नोड, म्हणजे संगणक, मेला नाही. नोंद ५ पासून हे रडगाणे ऐकणाऱ्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको. मांडणी तीच आहे : तिन्ही नोडना स्वतःची डिस्क नाही, ‘अ’ आणि ‘ब’ या दोन स्टोरेज यंत्रांवरून प्रत्येक नोडला आय-स्कझीने (नेटवर्कवरून डिस्क पुरवण्याच्या पद्धतीने) ३२ जीबीचा एकेक लन, म्हणजे दूरची डिस्क, मिळतो आणि त्या दोन लनांचा एमडीने (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडने) बांधलेला रेड-१, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती ठेवणारा मिरर, हीच त्या नोडची सिस्टीम डिस्क असते.

दुखणे असे होते की एक स्टोरेज बंद केले की मिररने दुसऱ्या लनावर काम चालू ठेवण्याऐवजी सगळा नोडच गोठत असे. पहिल्या चाचणीने तर मला चक्क फसवले. दर सेकंदाला वेळ छापणारा लूप लावून मी प्लग काढला, लूप टकाटक चालत राहिला आणि मी खूश झालो. प्रत्यक्षात ती कमांड आधीच मेमरीत असल्यामुळे तिला डिस्कची गरजच पडत नव्हती, कारण त्याच टर्मिनलवर आधी न वापरलेली एक साधी कमांड दिली तेव्हा कर्सर जो थिजला तो हललाच नाही. त्यानंतर मी लूप बदलला आणि दर सेकंदाला एक ओळ फाईलमध्ये लिहून ती लगेच डिस्कवर उतरवायला लावली. मिररची परीक्षा घ्यायची तर ती अशीच घ्यावी, नुसती स्क्रीन बघू नये.

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘१२० सेकंदांहून अधिक काळ अडकलेली’ प्रक्रिया दिसत होती. आय-स्कझी इनिशिएटरचा (डिस्क मागणाऱ्या नोडकडच्या बाजूचा) रिप्लेसमेंट टाइमआउटही, म्हणजे जोडणी तुटल्यावर त्रुटी कळवण्यापूर्वी वाट पाहण्याचा काळही, मुळात १२० सेकंदांचाच असतो, म्हणून दोन्हींचा संबंध आहे असे धरून मी आठवडा घालवला. तो १२० चा आकडा कर्नलच्या स्वतःच्या पहारेकऱ्याचा होता, त्याचा आय-स्कझीशी काही संबंध नव्हता. मी मुख्य कॉन्फिगरेशन फाईलमध्ये टाइमआउट १० केला, पण काही फरक पडला नाही. ती फाईल फक्त नव्याने शोधलेल्या टार्गेटांना (लन देणाऱ्या स्टोरेजकडच्या बाजूंना) लागू होते हे लक्षात आल्यावर आधीच्या टार्गेटांच्या साठवलेल्या सेटिंगांमध्ये, म्हणजे जुन्या नोड-रेकॉर्डांमध्येही, १० लिहिले, तरीही नोड गोठतच राहिला. एमडीचा फेलफास्ट (त्रुटी लवकर मान्य करण्याचा) पर्यायही लावून पाहिला, त्यानेही काही साधले नाही.

शेवटी चालू सेशनची (जोडणीची) रिकव्हरी टाइमआउटची, म्हणजे त्याच टाइमआउटची, किंमत थेट सिसएफएसमधून (कर्नलमधल्या चालू किमती दाखवणाऱ्या फायलींतून) वाचली, तर आकडा निघाला ८६४००, म्हणजे पूर्ण चोवीस तास. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता, बाहेर मारबतीच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी चालली होती आणि मी त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. तो आकडा दुसऱ्या कुणी टाकलेला नव्हता. रूट (सिस्टीमची मुख्य) फाइलसिस्टीम आय-स्कझीवर असेल तर टाइमआउट ८६४०० ठेवावा आणि नूप-आउट (जोडणी जिवंत आहे का हे विचारणारे संदेश) बंद करावेत, हा ओपन-आयस्कझीच्या दस्तऐवजातला सल्ला मीच नोंद ३ च्या सुमारास इनिटरॅमएफएसच्या (बूट होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या सिस्टीमच्या) स्क्रिप्टमध्ये घालून विसरलो होतो. रूटचे सेशन तिथेच सुरू होत असल्यामुळे नंतर फायलींत केलेले बदल त्या चालू सेशनपर्यंत पोहोचतच नव्हते.

तो सल्ला चुकीचा नाही, हे मुद्दाम नोंदवतो. डिस्क एकच असेल तर तिची त्रुटी फाइलसिस्टीमपर्यंत जाऊ न देणेच शहाणपणाचे असते, नाहीतर रूट रीड-ओन्ली होऊन बसते. मिररचे गणित नेमके उलटे असते : खालून त्रुटी आल्याशिवाय एमडीला मेंबर (मिररमधली एखादी डिस्क) मेल्याचे कळत नाही, आणि मी तर ती त्रुटी चोवीस तास दाबून ठेवायची सोय करून ठेवली होती.

आता नूप-आउट दर ५ सेकंदांनी जातो, उत्तरासाठी ५ सेकंद थांबतो आणि टाइमआउट १० आहे, म्हणजे जास्तीत जास्त २० सेकंद जायला हवेत. लूपच्या फाईलमध्ये १०:४२:०७ नंतरची ओळ १०:४२:२४ ची आहे. सतरा सेकंदांची ती फट मी तीनदा उघडून पाहिली. सेशन तुटून पुन्हा जुळले की रेकॉर्डमधली किंमत लागू होते, म्हणून इनिटरॅमएफएस आणि रेकॉर्ड या दोन्ही ठिकाणी तोच आकडा ठेवा.

‘ब’ परत आल्यावर एमडी बाद मेंबरला आपण होऊन आत घेत नाही, त्याला काढून पुन्हा जोडावे लागते. राइट-इंटेंट बिटमॅपमुळे (कोणते भाग बदलले याच्या नोंदीमुळे) रीसिंक, म्हणजे दोन्ही लन पुन्हा सारखे करणे, काही सेकंदांत आटोपला. बिटमॅप नसताना याच ३२ जीबीला गिगाबिटवर पाच मिनिटे लागली होती आणि त्याआधी एकदा तर पाऊण तासाच्या वर, कारण नागपूरच्या बर्डीवरच्या (सीताबर्डीवरच्या) एका दुकानातून ‘कॅट-६’ म्हणून घेतलेली केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली आणि लिंक १०० एमबीपीएसवरच जुळत होती. केबल घेताना तार सोलून बघावी, दुकानदार रागावला तरी चालेल. स्टोरेजवर लन मांडून देणाऱ्या टार्गेटसीएलआयबद्दल मात्र माझी तक्रार नाही, फक्त प्रत्येक लन त्या-त्या नोडच्या इनिशिएटर नावालाच दिसेल अशी मर्यादा विसरू नका. माझ्या तिसऱ्या नोडने एकदा बूट होताना पहिल्याचा मिरर जुळवून घेतला होता. साधा एमडी क्लस्टर ओळखत नाही, त्यामुळे दोघांनी एकदम लिहिले असते तर तो मिरर संपलाच असता.

पुढचा बेत तिन्ही नोडवर हेच करण्याचा होता, पण हे लिहिता लिहिता तो बदलतो आहे. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातच डीआरबीडीने (नेटवर्कवरून डिस्कची नक्कल राखणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रतिकृती ठेवली आणि पेसमेकरने (एक यंत्र पडले की काम दुसऱ्यावर नेणाऱ्या सॉफ्टवेअरने) टार्गेटचा आयपी इकडून तिकडे हलवला, तर नोडला एकच डिस्क दिसेल आणि तोच बदनाम ८६४०० तिथे योग्य ठरेल. दोन यंत्रांत स्प्लिट-ब्रेनची (संपर्क तुटल्यावर दोन्हींनी स्वतःलाच मुख्य समजण्याची) भीती आहे, म्हणून डीआरबीडी ९ मध्ये डिस्कविना तिसरा साक्षीदार ठेवावा लागेल, आणि त्यासाठी कपाटातले जुने मिनी पीसी पुरेल. तेव्हा पहिले दोन नोड एमडीवरच राहतील आणि तिसऱ्यावर डीआरबीडी करून पाहीन.

त्याआधी एक चाचणी उरली आहे : ‘अ’ बंद असतानाच नोड थंड, म्हणजे पूर्ण बंद अवस्थेतून बूट करणे. कर्नल आणि इनिटरॅमएफएस देणारा टीएफटीपी सर्व्हर आजही ‘अ’वरच आहे, हे आत्ता लिहिताना ध्यानात आले. तो आधी हलवतो.